अठराव्या शतकातील रुग्णांची पत्रे कशी वाचावीत

पत्रातून आजार सांगायचा आणि पत्रातूनच सल्ला मागवायचा, ही रीत अठराव्या शतकातील युरोपात चांगलीच रुळलेली होती. एडिंबरा येथील वैद्यकाचे प्राध्यापक विल्यम कलन (१७१०–१७९०) यांच्याकडे अशी पत्रे तीसहून अधिक वर्षे येत राहिली. आलेली पत्रे आणि आपण धाडलेल्या उत्तरांच्या नकला असे दोन्ही त्यांनी जपून ठेवल्यामुळे प्रश्न आणि उत्तर एकाच दप्तरात सापडण्याचा दुर्मीळ योग येथे जुळून आला आहे. हे दप्तर एडिंबराच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सकडे असून ग्लासगो विद्यापीठाच्या ‘कलन प्रकल्पा’मुळे त्यातील हजारो कागद आता कोणालाही घरबसल्या, विनामूल्य वाचता येतात. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे सॅम्युअल ऑग्युस्त तिसो (१७२८–१७९७) या डॉक्टरांना आलेली हजाराहून अधिक पत्रेही अशीच जतन झाली आहेत, मात्र त्यांची भाषा बहुतांशी फ्रेंच आहे. इतिहासाचा विद्यार्थी, त्या काळावर कादंबरी लिहू पाहणारा लेखक किंवा केवळ कुतूहल असलेला आजचा डॉक्टर, यांपैकी जो कोणी या पत्रांना पहिल्यांदा हात घालील त्याच्यासाठी हे टिपण आहे. उदाहरणे मुख्यतः कलन यांच्या दप्तराला धरून दिली आहेत.

सुरुवातीलाच एक पथ्य सांगणे भाग आहे. पत्र उघडताच “याला नेमका कोणता आजार होता?” असा प्रश्न मनात येतो आणि आजच्या रोगांची नावे डोळ्यांपुढे नाचू लागतात. हा मोह आवरावा. कागदावर आलेले शब्द म्हणजे रुग्णाचे शरीर नव्हते. ते रुग्णाने, त्याच्या नातलगाने किंवा गावच्या सर्जनने निवडलेले, गाळलेले आणि विशिष्ट हेतूने मांडलेले निवेदन होते. आजार ओळखण्याच्या घाईत हे निवेदनच वाचायचे राहून जाते.

न पाहता औषध कसे दिले जाई

शेकडो मैलांवरचा डॉक्टर रुग्णाला हातही न लावता उपचार सांगतो, याचे आजच्या वाचकाला नवल वाटते आणि असा सल्ला नाइलाजाने घेतलेला, दुय्यम प्रतीचा असणार असे तो गृहीत धरतो. त्या काळी समोर बसलेल्या रुग्णाचीही आजच्या अर्थाने तपासणी होत नसे, हे येथे ध्यानात घ्यावे. डॉक्टर नाडी पाही, जीभ पाही, चेहऱ्याचा वर्ण पाही, लघवी व शौचाविषयी विचारी, आणि उरलेला सारा वेळ ऐकून घेण्यात जाई. छातीवर बोटांनी ठोकून आवाज ऐकण्याची पद्धत ऑएनब्रुगर यांनी व्हिएन्नात १७६१ मध्ये प्रसिद्ध केली खरी, पण ती प्रचारात येण्यास एकोणिसावे शतक उजाडले. स्टेथोस्कोप १८१६ चा. तापमापक रुग्णाच्या खाटेशी नित्याचा झाला तो त्याहून कितीतरी नंतर. निदानाचे मुख्य साधन रुग्णाची हकीकत हेच असल्यामुळे ती तोंडाने सांगितली काय किंवा कागदावर उतरवून पाठवली काय, यात डॉक्टरला आज वाटते तेवढे अंतर वाटत नसे. उलट, लेखी हकीकत सावकाश, पुन्हा पुन्हा वाचता येते, ही तिची जमेची बाजू होती.

आधी कागदाची बाहेरची बाजू

मजकुराकडे वळण्यापूर्वी पत्राची घडी, पत्त्याची बाजू आणि मोहर पाहावी. ब्रिटनमध्ये १८४० ची पेनी टपालपद्धत येण्यापूर्वी टपालहशील अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे, आणि ते बहुधा पत्र घेणाऱ्याला भरावे लागे. वेगळा लिफाफा वापरला तर तोही एक कागद म्हणून मोजला जाई. म्हणून एकच मोठा ताव दुमडून त्याची चार पाने करीत, तीन पाने भरून लिहीत, चौथ्या पानावर घडीच्या मधोमध पत्ता घालीत आणि लाखेने पत्र बंद करीत. समासात उभे-आडवे कोंबलेले शब्द दिसले की लिहिणाऱ्याचा कागद संपत आला होता आणि दुसरा ताव घेण्याची त्याची तयारी नव्हती, एवढे समजावे. दुसरा ताव जोडला असेल तर त्याने हशील दुप्पट होई. तो खर्च समोरच्यावर टाकण्यामागे श्रीमंती होती, घायकुती होती की कोणा पार्लमेंट सदस्याची सही मिळाली होती, याचा अंदाज घ्यावा. सदस्यांच्या सहीने पत्र विनाहशील जाई आणि ओळखीपाळखीच्या लोकांना ही सवलत सर्रास मिळत असे. पत्त्याच्या कोपऱ्यात एखाद्या उमरावाचे नाव दिसले तर रुग्णाच्या गोतावळ्याविषयी ते पुष्कळ काही सांगून जाते.

फीचा उल्लेख बहुधा पत्राच्या शेवटी किंवा ता. क. मध्ये, काहीशा संकोचाने केलेला असतो. फी गिनीत मोजली जाई (गिनी म्हणजे २१ शिलिंग). ती पत्रातून पाठवली आहे, शहरातील एखाद्या परिचिताकडून पोहोचवली आहे, की नुसतीच “पाठवण्याची व्यवस्था करीत आहे” असे म्हटले आहे, हे टिपून ठेवावे. फीबद्दल अवाक्षर नसलेल्या पत्रांत एखादा मित्र, माजी विद्यार्थी किंवा धर्मोपदेशक लिहीत असण्याची शक्यता तपासावी.

तारखांबाबत दोन सूचना पुरेशा आहेत. ब्रिटनने सप्टेंबर १७५२ मध्ये दिनदर्शिका बदलली तेव्हा ११ दिवस गाळले गेले, त्यामुळे त्यापूर्वीच्या ब्रिटिश पत्राची तारीख त्याच काळच्या फ्रेंच किंवा इटालियन पत्राशी तशीच्या तशी जुळवू नये. पत्रात ‘इन्स्टंट’ हा शब्द आला तर चालू महिना आणि ‘अल्टिमो’ आला तर मागचा महिना समजावा. रुग्ण औषध किती दिवस घेत होता हे काढताना याच दोन शब्दांवर गाडी अडते.

पत्र कोणाचे बोलते आहे

माझ्या मते वाचकाने सर्वांत जास्त वेळ द्यावा तो येथे. सही कोणाची आहे, अक्षर कोणाचे आहे आणि मजकुरातला ‘मी’ कोण आहे, हे तीन प्रश्न वेगवेगळे असून त्यांची उत्तरे नेहमी एकच येत नाहीत.

पहिला प्रकार रुग्णाच्या स्वतःच्या पत्राचा. यात काळ मागेपुढे होतो, लहानपणीचा ताप आणि कालचे जेवण एकाच वाक्यात येते, दुखण्यासाठी वापरलेले शब्द घरगुती असतात आणि भीती लपत नाही. दुसरा प्रकार गावच्या सर्जन-अपॉथेकरीच्या पत्राचा. हा मनुष्य जखमा बांधी, रक्त काढी आणि औषधेही तयार करून विकी. त्याचे पत्र क्रमवार असते, नाडीचे ठोके देते, आपण आजवर काय काय केले याची यादी देते, आणि त्या यादीत आपले चुकले नाही हे सिद्ध करण्याची धडपडही असते. कलन यांनी त्याच्या उपचारांना दुजोरा दिला तर गावात त्याची पत वाढणार असते, ही गोष्ट वाचताना विसरू नये. तिसरा प्रकार पती, पिता, भाऊ किंवा मित्र यांनी लिहिलेल्या पत्राचा. स्त्रियांच्या आजारांची बरीच हकीकत अशी दुसऱ्याच्या हातून आलेली आहे. पती जेव्हा लिहितो की पत्नी “अलीकडे फार चिडते”, तेव्हा ते तिचे लक्षण आहे की त्याची तक्रार आहे, याचा निवाडा वाचकाला स्वतःच्या बुद्धीने करावा लागतो. पाळी, गर्भपात, प्रसूती यांविषयीचे उल्लेख आडवळणाने येतात, त्यामुळे “ती नेहमीप्रमाणे नाही” अशा वाक्यावर दोनदा थांबावे.

तिसऱ्या प्रकाराचे प्रसिद्ध उदाहरण मार्च १७८४ मधले आहे. कोशकार सॅम्युअल जॉन्सन लंडनमध्ये दम्याने आणि अंगात पाणी साठण्याच्या विकाराने आजारी होते. त्यांनी आपला चरित्रकार मित्र जेम्स बॉझवेल याला तुमच्याकडच्या डॉक्टरांना माझ्याविषयी विचारा असे कळवले, आणि बॉझवेलने कलन यांच्यासह एडिंबरातील अनेक डॉक्टरांना पत्रे लिहिली. जॉन्सन यांच्याजवळ लंडनमध्ये नामांकित डॉक्टर होतेच. तरीही दूरवरून मते गोळा करण्यात कोणाला वावगे वाटले नाही. पत्राने सल्ला घेणारा रुग्ण एका वेळी दोघातिघांना विचारी, त्यांची मते ताडून पाही आणि पटेल तेवढेच घेई. त्यामुळे पत्रात इतर डॉक्टरांची नावे आली तर ती कोणत्या सुरात आली आहेत हे पाहावे. आदराने, तक्रारीने, की कलन यांना चुचकारण्यासाठी?

हकीकतीची मांडणी

अनुभवी रुग्णाचे पत्र वरवर पाल्हाळिक वाटले तरी त्याला एक चौकट असते. जुन्या वैद्यकात आरोग्य सहा गोष्टींवर अवलंबून आहे असे मानत: हवा, खाणेपिणे, झोप व जागरण, हालचाल व विश्रांती, शरीरातून बाहेर पडणारे आणि आत अडकून राहणारे पदार्थ, आणि मनोविकार. रुग्ण आपली खोली दमट आहे, रात्री चीज खाल्ल्यास स्वप्ने पडतात, भावाच्या मृत्यूनंतर भूक मेली असे लिहितो तेव्हा तो विषय सोडून भरकटलेला नसतो. तो डॉक्टरला हवी असलेली माहितीच पुरवीत असतो. पत्र वाचताना समासात या सहा खुणा करीत गेल्यास पाल्हाळाचा गुंता बघता बघता सुटतो.

हकीकत कशी सांगावी याचे शिक्षणही छापील पुस्तकांतून मिळत होते. तिसो यांनी १७६१ मध्ये सामान्य लोकांसाठी लिहिलेल्या आरोग्यविषयक पुस्तकात डॉक्टरचा सल्ला घेण्यापूर्वी कोणत्या प्रश्नांची उत्तरे तयार ठेवावीत याची यादीच दिली. वय, राहणी, आजाराची सुरुवात, ताप, झोप, शौच, लघवी. स्त्रियांसाठी पाळी व गर्भधारणा. मुलांसाठी दात, जंत व देवी. विल्यम बकन यांचे ‘डोमेस्टिक मेडिसिन’ हे १७६९ मध्ये एडिंबरात निघालेले पुस्तकही घरोघर पोहोचले होते. म्हणून एखाद्या शेतमालकाच्या पत्रात ‘मज्जातंतूंची शिथिलता’ असा भारदस्त शब्द दिसला तर त्याला तसे जाणवत होते असे लगेच मानू नये. तो शब्द त्याने वाचलेला असू शकतो, आणि त्याने काय वाचले होते हा शोधही तितकाच रंजक ठरतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा एक धर्मोपदेशक लिहितो, की गेल्या हिवाळ्यात ओल्या कपड्यांनिशी एक दफनविधी उरकल्यापासून पोटात वारा धरतो, झोप उडाली आहे, मन खिन्न असते, घोड्यावर फेरफटका मारल्यास थोडा उतार पडतो, आणि येथल्या सर्जनने दोनदा रक्त काढूनही गुण आलेला नाही. येथे ओले कपडे म्हणजे रुग्णाने स्वतःच ठरवलेले कारण. झोप, मन, हालचाल ही सहा गोष्टींतली कलमे. घोड्याच्या उल्लेखात तो कोणत्या उपचाराच्या बाजूने आहे हे नकळत सांगून जातो, कारण घोडेस्वारी हा त्या काळी सर्रास सांगितला जाणारा व्यायाम होता. आणि शेवटचे वाक्य म्हणजे सर्जनविरुद्धची सभ्य फिर्याद. एवढे हाती लागल्यावर या गृहस्थाला आम्लपित्त होते की नैराश्य, हा प्रश्न आपोआप मागे पडतो.

ओळखीचे वाटणारे अनोळखी शब्द

येथे वाचकाची फसगत होते ती अवघड शब्दांमुळे क्वचित, सोप्या शब्दांमुळे अधिक. ‘हायपोकाँड्रिया’ म्हणजे नसलेला आजार असल्याचा भ्रम, असा आजचा अर्थ लावू नये. त्या काळी बरगड्यांखालच्या भागातील पचनाचे त्रास आणि त्यांच्यासोबत येणारी उदासी मिळून हा खराखुरा आजार मानला जाई आणि रुग्ण तो नि:संकोचपणे सांगत. ‘गाउट’ हा सांधे सुजवणारा विकार त्या काळच्या समजुतीप्रमाणे केवळ पायाच्या अंगठ्यात राहत नसे. तो शरीरात भटके, पोटात किंवा डोक्यात शिरे, आणि पायात उतरला तर घरचे सुटकेचा निःश्वास टाकीत. ‘स्कर्व्ही’ हा शब्द खलाशांच्या रोगाखेरीज कातडीवरच्या नाना पुरळांनाही लावीत. ‘न्यूरोसिस’ हा शब्द तर कलन यांनीच १७६९ मधील आपल्या रोगवर्गीकरणात रूढ केला आणि त्यात त्यांनी पक्षाघात, अपस्मार, दमा, मधुमेह यांनाही जागा दिली. अशा प्रत्येक शब्दाला वहीत मूळ रूपातच ठेवावे आणि आजचा प्रतिशब्द देण्याऐवजी त्या पत्रात तो कोणत्या तक्रारींसोबत आला आहे ते लिहावे. पाच-दहा पत्रांनंतर शब्दाचा त्या काळचा पैस आपोआप स्पष्ट होतो.

हस्ताक्षर लावण्याची सवय आठवड्याभरात होते. दोन ‘एस’ जोडून आले की पहिला लांब, ‘एफ’सारखा दिसतो, एवढे कळले तरी निम्मी अडचण दूर होते. कलन प्रकल्पात मूळ लेखनाबरहुकूम आणि आजच्या शुद्धलेखनानुसार अशी दोन्ही वाचने दिलेली आहेत. आरंभी दुसरे वाचून अर्थ लावावा, पण काही उद्धृत करायचे असेल तेव्हा पहिले आणि मूळ प्रतिमा पाहिल्यावाचून लेखणी उचलू नये.

डॉक्टरचे उत्तर

उत्तराची नकल वाचताना शाई पुसट, अक्षरांच्या कडा पसरलेल्या दिसल्या तर कागदाला दोष देऊ नये. जेम्स वॉट यांनी १७८० मध्ये नकल काढण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि पुढच्याच वर्षापासून कलन ते वापरू लागले. ताजे लिहिलेले पत्र ओलसर, पातळ कागदावर दाबले की शाई त्यात उतरे आणि कागदाच्या पाठीमागून मजकूर सुलट वाचता येई. त्याआधीच्या नकला लेखनिकाच्या हातच्या आहेत. त्यात लेखनिकाच्या चुका असतात, आणि यंत्राच्या नकलेत त्या नसल्या तरी न उमटलेले शब्द असतात.

उत्तरात रोगाचे नाव एखाद्या वाक्यात उरकलेले आढळते, कधी ते मुळीच नसते. जागा व्यापते ते पथ्य: कोणते मांस चालेल, वाइन किती, अंगालगत फ्लॅनेल घालावे की नाही, घोड्यावर किती वेळ बसावे, कोणत्या ऋतूत कोठल्या झऱ्याचे पाणी प्यावे. आजच्या वाचकाला हा भाग कंटाळवाणा वाटतो आणि तो औषधांकडे उडी मारतो, परंतु रुग्णाने पैसे मोजले ते बऱ्याच अंशी याच भागासाठी. पथ्य जितके बारीक आणि रुग्णाच्या परिस्थितीला जुळवून घेतलेले, तितके डॉक्टरने पत्र नीट वाचले आहे, अशी त्याची खात्री पटे. रुग्णाने पत्रात वापरलेला एखादा शब्द उत्तरात परत आला आहे का, हे जरूर शोधावे. स्वरही पाहावा. श्रीमंत रुग्णाला आज्ञा करणे कठीण असल्याने डॉक्टर पुष्कळदा सुचवतो, मनधरणी करतो, “आपणास मानवल्यास” म्हणतो. तोच डॉक्टर सर्जनला लिहिताना मोजके आणि थेट लिहितो.

औषधाचा नुस्खा सहसा वेगळा, लॅटिनमध्ये आणि संक्षेपांनी भरलेला असतो, कारण तो अपॉथेकरीसाठी असे. रुग्णासाठीचे अनुपान व वेळा मात्र इंग्रजीत सांगितलेल्या असतात. वजने अशी लावावीत: २० ग्रेन म्हणजे एक स्क्रूपल, ३ स्क्रूपल म्हणजे एक ड्राम, ८ ड्राम म्हणजे एक औंस, आणि या हिशोबात १२ औंसांचाच एक पौंड. एक ग्रेन सुमारे ६५ मिलिग्रॅम भरतो. रक्त ८ औंस काढले असे लिहिले असेल तर ते साधारण पाव लिटर होते. सिंकोनाची साल, अफूचा अर्क, पाऱ्याचे व अँटिमनीचे क्षार, वांती करवणारी इपिकॅक्युआना, कातडीवर फोड आणणारे लेप ही नावे पुन्हा पुन्हा भेटतात. प्रत्येकाचा त्या काळी अपेक्षित असलेला परिणाम काय, तो टिपावा. अमुक औषध खरोखर उपयोगी होते का, हा वेगळा अभ्यास आहे आणि एका पत्राच्या आधारे त्यावर निकाल देऊ नये.

साखळी जोडणे

एकटे पत्र वाचून उठू नये. त्या रुग्णाची सगळी पत्रे तारखेप्रमाणे लावावीत, आणि प्रत्येक पत्राशेजारी त्याचे उत्तर ठेवावे. लंडन–एडिंबरा मेलकोच, म्हणजे टपालाची घोडागाडी, १७८६ मध्ये सुरू झाल्यावर हा प्रवास सुमारे ६० तासांवर आला. त्याआधी आणि आडगावांहून याहून बराच अधिक काळ लागे, म्हणून उत्तर हाती पडेपर्यंत आजार पालटलेला असणे ही नित्याची गोष्ट होती. दुसऱ्या पत्रात रुग्ण आधीच्या सूचनांपैकी कोणत्या पाळल्या हे सांगतो. कोणत्या पाळल्या नाहीत याबद्दल तो बहुधा गप्प बसतो. पहिल्या उत्तरातील सूचना एकेक करून दुसऱ्या पत्राशी ताडून पाहिल्या की हे मौन सापडते. या कामात वेळ जातो, पण माझ्या मते संपूर्ण दप्तरातील सर्वांत मोलाची माहिती त्यातूनच मिळते.

अनेक साखळ्या मध्येच तुटतात. शेवटच्या पत्रानंतर रुग्ण बरा झाला, दगावला, दुसऱ्या डॉक्टरकडे वळला, फीला कंटाळला, की पुढचे पत्र गहाळ झाले, यांपैकी काहीही घडलेले असू शकते. मृत्यूची बातमी कळवणारे नातलगाचे किंवा सर्जनचे पत्र, क्वचित शवविच्छेदनाच्या तपशिलासह, दप्तरात असेल तरच तसे लिहावे. नसेल तेथे नोंद शेवटच्या ज्ञात तारखेपाशी थांबवावी आणि तिच्यासमोर दप्तरातील कागदाचा क्रमांक घालावा, म्हणजे पुढे त्या रुग्णाचा आणखी एखादा कागद दुसऱ्या नावाखाली सापडल्यास तो योग्य जागी जोडता येतो.